मागील बाकी

नोझर अंकलसरियांनी ते रिक्षातून आणलं,
मांडीवर, उशीच्या खोळीत गुंडाळून,
आजारी मांजर आणावं तसं.
"पपांचं नाय, पपांच्या पपांचं," म्हणाले.
पाटीवर १९० एवढंच उरलंय,
शेवटचा आकडा झिजून गेला.

एकच सिलिंडर. काट्यावर टाकलं, तेवीस किलो.
तेव्हा याला हलकं म्हणायचे.
त्याआधीची इंजिनं जमिनीत गाडायची,
हे मात्र पोरासारखं कडेवर घेता यायचं,
तीनचाकी सायकलीला बांधता यायचं.

आणि याहून जुन्यांना एक नळी असे, तापून लाल,
खाली दिवा.
वारा आला की दिवा गेला, गाडी जागच्या जागी.
बंडावरच्या पुलावर कुणीतरी
कोटाचा आडोसा करून काडीमागून काडी ओढली असेल,
आणि टांगेवाले थांबून बघत असतील, फुकट.

याला दिवा नको, सेल नको.
फिरवलं की आपली ठिणगी आपणच पाडतं.
पाडायचं.
आता चुंबक विसरलाय. टाचणीसुद्धा धरत नाही.

लोखंडालाही विसर पडतो, हे मला
यशया मास्तरांनी सांगितलं, क्वार्टर गेटच्या टपरीत.
मी सतराची, डिप्लोमाची फी भरायची राहिलेली.
मुलगी म्हणून त्यांनी एकदाही
हलका पाना हातात दिला नाही.

चुंबक दोन ध्रुवांत ठेवला, करंट सोडला.
खट्‌.
मग टाचणी. मग नट.
मग शटरची किल्लीच हातातून ओढून घेतली त्यानं.

वाइंडिंग मात्र जळलेलं.
उलगडताना चपड्याचा वास सुटला,
आणि तारेच्या थरांमध्ये, रेशीम असायला हवं तिथं,
वहीचा कागद. मोडी अक्षर.

म्हणजे माझ्याआधी कुणी इथंच हे उघडलं होतं.
विलायती रेशीम मिळालं नसेल,
हाताशी होती ती वही फाडली.

सदाशिव पेठेतल्या खरेकाकांकडे कपटा नेला.
त्यांनी भिंग लावलं, चहा गार होऊ दिला.
"तांब्याची तार. नऊ आणे. बाकी येणे," म्हणाले.
"कुणाकडून?"
"तिथंच जळलंय बघ."

दहा हजार वेढे, केसाहून बारीक तार.
मशीनचा काउंटर मोडलाय म्हणून
शंभराला एक वाटाणा टाकते बरणीत.
चौतिसाव्या वाटाण्याला कुरिअरवाला आला,
सही करा म्हणाला, बरणी सांडली.
वेचले. तेहतीस भरले.
कपाटाखाली काठी घातली, नाही सापडला.
चौतीसच धरले.
त्याचंही कुठंतरी चुकलं असेलच,
कंदिलाच्या उजेडात, येणे बाकी असताना.

थरांमध्ये मी आता पॉलिएस्टर घातलं.
एका ठिकाणी मात्र, गरज नव्हती तरी,
तोच कपटा परत ठेवला, वार्निश लावून.

पॉइंटमध्ये पोस्टकार्डाएवढी फट.
दिवे घालवले, शटर अर्धं ओढलं.
नोझरसाहेब स्टुलावर, चष्मा पुसत.
मी हातानं फिरवलं.

निळी.

एवढीशी, मोहरीएवढी,
आणि नाकाला तो वास, वीज पडल्यानंतरचा.
"फरी एक वार," ते म्हणाले.
मग आणखी एकदा.
मग त्यांनी स्वतः फिरवलं.

इंजिन अजून चालू नाही. कार्बोरेटर गळतोय,
ते दुसरं दुखणं, त्याला पुढचा महिना.

बिलात शेवटी एक ओळ घातली:
मागील बाकी, नऊ आणे.
कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही.
खिसा चाचपून एक रुपया टेबलावर ठेवला
आणि चुंबकानं तो टक्कन ओढून घेतला.

सात आणे परत द्यायचे राहिलेत.
लिहून ठेवलंय.